कढी न सांडणारी गाडी

परवा आमच्या कॉलेजचा एक ज्युनिअर घरी आला. बापाची जुनी शंभर सीसीची गाडी चालवून चालवून तो कंटाळला आहे आणि आता त्याला जरा मोठी, पण घरच्यांना झेपेल अशी मोटारसायकल हवी आहे. अडीचशेची घेऊ की साडेतीनशेची, असं त्याने मला विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच द्यायला लागला. टॉर्क, वजन, सीटची उंची, मायलेज. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून पाहून पोरगा नुसता भरून आला होता. त्याचं सगळं रिकामं झाल्यावर मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. पण तुझ्या घरी कढी कोणी करते का?"

तो माझ्याकडे जसा बघत राहिला, तशीच मी एके काळी कमलकाकूंकडे बघत राहिले होते.

कमलकाकू बावणे नागपूरच्या महाल भागात, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्यांनी भाजीवाल्याशी घासाघीस केली की त्या टोकाची माणसंही त्याच भावाने भाजी घ्यायची. त्यांनी आयुष्यात गाडीचं हँडल धरलं नव्हतं. सायकलसुद्धा त्यांना येत नव्हती. आणि तरीही आमच्या गल्लीत कोणाच्या घरी मोटारसायकल यायची असली तर ती काकूंनी पास केल्याशिवाय येत नसे.

हा अधिकार त्यांना कोणी दिला, असं विचारायची सोय नव्हती. बावणेकाका निवृत्त होईपर्यंत खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. तिथल्या कॉलनीतून ही दोघं दर रविवारी नागपूरला यायची, बाजार करायची, नातेवाईक करायची आणि परत जायची, सगळं एका मोटारसायकलवर. "अर्धा जन्म मी मागच्या सीटवर काढला, पोरी," काकू सांगायच्या. "चालवणाऱ्याले काय, समोरचा रस्ता दिसते. गाडी कशी आहे थे मागच्याले समजते."

त्यांची परीक्षा घ्यायची रीत ठरलेली होती. गाडी पाहायची ती मे महिन्यात, भर दुपारी. शोरूमवाले सकाळी सकाळी, गारव्यात बोलवायचे, पण काकूंना ते मान्य नव्हतं. "हिवाळ्यातली गाडी अन् पोरगी पाहाले आलेला पोरगा, दोघंही थंडच राहतात. खरं रूप उन्हाळ्यात समजते." नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलला उभं राहून ज्याने तापलेल्या इंजिनाची वाफ मांडीवर घेतली आहे, तो या वाक्यावर वाद घालणार नाही.

तर अशा दुपारी काकू डोक्याला आणि तोंडाला कॉलेजच्या पोरींसारखा पांढरा दुपट्टा गुंडाळायच्या, काकांचा जुना काळा गॉगल चढवायच्या आणि मागच्या सीटवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायच्या. मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात गोळ्यांची कढी, अगदी काठोकाठ. झाकण साधं, नुसतं वर ठेवायचं, फिरकीचं नाही. डब्याभोवती पांढरंशुभ्र फडकं. परत आल्यावर फडकं कोरडं असेल तर गाडी पास. फडक्यावर पिवळा डाग असेल तर नापास.

"पाणी का नाही नेत, काकू?" मी एकदा विचारलं होतं.

"पाण्याचा डाग वाळून जाते वं. कढी खोटं बोलत नाही."

लोक हसायचे, पण शेजारच्या मंगेशचं उदाहरण सगळ्यांना पाठ होतं. मंगेशने पसंत केली होती ती शर्यतीतल्यासारखी गाडी. चालवणारा पोटावर झोपलेला आणि मागची सीट आभाळात. काकूंना तिच्यावर चढवायला शोरूममधलं स्टूल आणावं लागलं. वर बसून त्यांनी चौफेर पाहिलं आणि म्हणाल्या, "मंगेश, इथून तुह्या लग्नाचं काही दिसून नाही राहिलं गा." मंगेशने तरीही तीच गाडी घेतली. पुढच्या वर्षी लग्न झालं. नवी नवरी एकदा त्या सीटवर बसली, घरी आली, आणि त्यानंतर जिथे जायचं तिथे रिक्षाने जायला लागली. मंगेश गाडीवर आणि त्याच्यामागून बायको रिक्षात, अशी ती वरात गल्लीने काही महिने पाहिली. मग मंगेशने गाडी विकली आणि दुसरी घ्यायच्या आधी काकूंच्या दारात नारळ घेऊन उभा राहिला.

माझी पाळी आली ती दुसरं वर्ष संपल्यावर. माझं कॉलेज हिंगण्याच्या पलीकडे. ट्रकांच्या मधून रोज स्कूटर हाकताना ती बिचारी थरथरायची आणि तिच्यावर मीही. मला मोटारसायकल हवी होती, मधल्या आकाराची, रस्त्यावर ठाम उभी राहणारी. बाबांना याला सरळ नाही म्हणवत नव्हतं. मुलीला नाही म्हटलं की आजकाल लोक काय काय म्हणतात. म्हणून त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "घे ना. काकू पास करतील ती घे. फक्त कॉलेज सुरू व्हायच्या आत ठरव, नाहीतर पदवी मिळेपर्यंत स्कूटर."

बाबांचा हिशेब सोपा होता. लांबच्या लांब मोटारसायकल, वर मी, मागे काकू. काकू पहिल्याच फेरीत नापास करतील आणि वाईटपणा आपल्याकडे येणार नाही. पण काकूंकडे मी गेले तेव्हा त्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगी आहे म्हणून जन्मभर स्कूटर काहून? तिच्या मागं बसणाऱ्यानं काय पाप केलं?"

झालं. वर्धा रोडच्या एका शोरूममध्ये आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे निखिल नावाचा विक्रेता होता. बिचारा गळ्यात टाय बांधून, घामाघूम. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, टेस्ट राइड दोन किलोमीटरचीच राहते हं." काकूंनी गॉगल खाली करून त्याच्याकडे पाहिलं. "दोन किलोमीटरमध्ये तं कढी हलतही नाही, बेटा." आणि आम्ही निघालो.

थोडं पुढे आल्यावर काकूंनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "लकडगंजकडून घे."

"काकू, लकडगंज तर पार त्या टोकाला."

"रस्त्यात लागते."

हे काकूंचं लाडकं वाक्य. देशाचा मध्य झिरो माईलच्या खांबाला असेल. काकूंच्या नकाशाचा मध्य लकडगंजात होता आणि नागपुरात कुठूनही कुठेही जायचं तर तो रस्त्यात लागायचाच. लकडगंजात त्यांची मोठी बहीण राहायची, विमलमावशी. तिच्या घराला लागून तिच्या यजमानांची, ठवकर मावसाजींची लाकडाची टाल. आम्ही तिथे थांबलो. मावशीने पन्हं दिलं, काकूंनी डबा उघडून कढी तिच्या पातेल्यात ओतली, दोघी बहिणी स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांच्या हसण्याचा आवाज टालीतल्या करवतीच्या वरताण बाहेर यायला लागला. मावसाजी ओसरीवर कढी ओरपत बसले. मध्येच इकडेतिकडे पाहत मला विचारलं, "बावण्या बरा आहे ना? गाडी सुरू करते का अजून?"

काका रोज सकाळी जुनी गाडी सुरू करायचे. डोळ्यांमुळे चालवणं सुटलं होतं, पण किक मारून, कान देऊन थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. मी हो म्हटलं तेव्हा मावसाजींनी वाटीत पाहत मान डोलावली.

परत निघताना काकूंनी फडकं दाखवलं. डाग होता. "इंजिनाची धडधड जास्त आहे," काकू म्हणाल्या. "नापास."

मग दुसरी गाडी. तीही लकडगंजला. डाग. "सीटचा उतार पुढं आहे, मी तुह्या पाठीवर येऊन राहिली." तिसरी गाडी. डाग. "शॉकप कडक." निखिलचे फोन यायचे, "मॅडम, डेमोची गाडी आहे, दुसरे कस्टमर थांबून राहिले," आणि काकू माझ्या हातातून फोन घेऊन सांगायच्या, "येऊनच राहिलो, बेटा, तुह्यासाठी सांबारवडी घेऊन येतो." कोथिंबिरीच्या त्या वडीपुढे त्याची तक्रार विरघळायची. पुढेपुढे तर निखिल आम्ही दिसलो की आधी पिशवीकडे बघायचा.

घरी बाबा खूश. मे संपत आला. एकूण गाड्यांपैकी मला एक मनापासून आवडली होती. गडद हिरवी, साडेतीनशेची, पण भारदस्त असूनही बुटकी. माझे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकायचे, मागची सीट रुंद आणि सपाट, बाजूला साडीगार्ड लावायची सोय, आणि किंमत बाबांनी सांगितलेल्या रेषेच्या आत. ती शेवटची राहिली होती. तीही नापास झाली असती तर विषय संपला होता. रात्री झोप लागेना इतकी मी त्या गाडीच्या प्रेमात होते.

त्या दिवशी मी चालवलं असं की अंड्यावरून चालतेय. खड्डा आला की वळसा, गतिरोधक आला की गाडी जवळजवळ थांबवून वर चढवायची. सिग्नलला उभी राहिले आणि सहज आरशात पाहिलं. काकूंनी इकडेतिकडे बघितलं. झाकण उचललं. डबा जरासा तिरपा केला, कढी पद्धतशीर फडक्यावर सोडली, झाकण पुन्हा ठेवलं आणि गॉगल नीट करून समोर बघत बसल्या.

सिग्नल हिरवा झाला तरी मी उभीच. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

लकडगंजात गेल्यावर मी विमलमावशीला एकटीला गाठलं. मावशी काकूंसारख्या आडवळणाच्या नव्हत्या. "गाडी घ्याची घाई नको करू वं," त्या मला म्हणाल्या. "तू गाडी घेतली की ही येईन कशी?"

मग सगळं कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मावसाजींना मोटारसायकल घ्यायची होती आणि काकांनी ती निवडून दिली होती. ती गाडी मुलीच्या सासरी बोलणी करायला जाताना भर रस्त्यात बंद पडली. नव्या सफारी सुटातले मावसाजी गाडी ढकलत व्याह्यांच्या दारात पोहोचले. पुढे एका लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बावण्यानं गाडी नाही, रेडा देला निवडून." काका भरल्या पानावरून उठले आणि या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही, असं बोलून बसले. त्यानंतर कोणालाही गाडीबद्दल एक शब्द सांगितला नाही. काकूंना त्यांनी कधी अडवलं नाही. पण नवऱ्याने पाय न ठेवायचं ठरवलेल्या घरी, नवऱ्याला सांगून जाणं काकूंना जमेना. गाडी पाहायला गेलं, रस्त्यात लागलं, तर ते 'जाणं' ठरत नव्हतं.

परतताना मी एका रसवंतीवर गाडी थांबवली. उसाच्या रसाचा पेला काकूंच्या हातात दिला आणि म्हटलं, "काकू, कढी तुम्ही सांडवली. मी आरशात पाहिलं."

मला वाटलं, काकू ओशाळतील. काकूंनी रस संपवला, बर्फाचा खडा तोंडात टाकला आणि माझ्यावरच चिडल्या. "मंग काय करू? ही गाडी सांडतच नाही तं मले सांडा लागली ना!"

गाडी पास झाल्याचं मला असं कळलं.

मी त्यांना तिथेच सांगितलं, "काकू, ही घेऊ द्या. दर रविवारी मी तुम्हाले लकडगंजले नेईन."

"ह्यांले काय सांगू? गाडी तं घेतली, आता काय पाहाले चाल्ली?"

"नवीन इंजिन मोकळं करा लागते, काकू. हळूहळू, लांब चालवून. काकांना माहीत आहे."

काकूंनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की बोर्डात आले तेव्हाही घरी कोणी तसं पाहिलं नव्हतं. गल्लीत शिरताच त्यांनी गाडीवरूनच आवाज दिला, "पास! पोरीची गाडी पास!" बाबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी अजून आठवून आठवून हसते.

गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, हार घातला, आणि पुढच्या रविवारपासून इंजिन मोकळं करायचं काम सुरू झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, संत्र्यांचा हंगाम आला, आम्ही मोकळं करतोच आहोत. काका ओट्यावर बसलेले असायचे. डबा, फडकं, गॉगल, सगळा सरंजाम त्यांच्यासमोरून जायचा. हयात वीज केंद्रातल्या यंत्रांशी काढलेला माणूस तो.

"मोकळं झालं का गा बाई इंजिन?" ते विचारायचे. पोरांना म्हणतात तसं मलाही ते 'गा'च म्हणायचे, गाडी घेतल्यापासून.

"अजून नाही काका. थोडं जड आहे."

"हो," काका म्हणायचे. "आजकालची इंजिनं लय हट्टी राहतात." आणि पेपर वर करायचे.

पेपरामागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. काकूंना दिसत असावं.

पुढच्या मे महिन्यात काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यातच छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी दगदग बंद सांगितली. एका रविवारी मी गाडी काढून उभी राहिले. काकू काठी टेकत बाहेर आल्या, हातात डबा. गाडीजवळ आल्या, सीटवर हात ठेवला, एक पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मग वळल्या आणि डबा काकांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"तुम्ही जा."

"कुठं?"

"इंजिन मोकळं कराले. लकडगंज रस्त्यात लागते."

काकांनी पेपरची घडी केली. "त्याच्या दारात पाय ठेवणार नाही म्हटलो होतो मी."

"मंग नका ठेवू," काकू म्हणाल्या. "गाडीवरच बसून राहा. पाय कुठी टेकते?"

जन्मभर पुढे बसलेला माणूस मागे बसला. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. काकूंनी डबा त्यांच्या मांडीवर नीट बसवला, फडक्याची गाठ मारली, आपला गॉगल काढून काकांच्या डोळ्यांवर चढवला. तो मूळचा काकांचाच.

टालीसमोर मी गाडी उभी केली. काका उतरले नाहीत. पाय फूटरेस्टवर, डबा मांडीवर, मान ताठ. विमलमावशीने दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मावसाजी बाहेर आले, उन्हात डोळे किलकिले करून बघत राहिले. मग आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते लाकडी खुर्ची उचलून बाहेर आले आणि गाडीला लागून बसले. गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ही कोणी निवडली?"

"कमलनं," काका म्हणाले.

"मंग चांगली असन."

काका हसले. गॉगलखालून हसले, खांदे हलायला लागले आणि मी त्यांच्या हातातला डबा धरला, नाहीतर सगळी कढी गेली असती. मावशीने वाट्या आणल्या. एक जण गाडीवर, एक जण खुर्चीवर, अशी दोघांनी रस्त्यावर बसून कढी संपवली. निघताना मावशी डबा विसळायला न्यायला लागल्या तर काका म्हणाले, "राहू द्या. घरी धुतो." तळाशी थोडी उरली होती.

परतीच्या सिग्नलला मी आरशात पाहिलं. काकांनी इकडेतिकडे बघितलं. झाकण उचललं. आणि उरलेली कढी अलगद फडक्यावर ओतली.

मी आरसा जरा बाहेर वळवला आणि गाडी पुढे नेली.

काकू फाटकातच उभ्या होत्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी आधी फडकं मागितलं. पिवळा डाग उन्हात धरून पाहिला, नाकाशी नेला, मग काकांकडे पाहिलं. काका गॉगल पुसण्यात गर्क होते.

"गाडी पास आहे," काकू मला म्हणाल्या. "चालवणारीही पास आहे. मागचा नापास. ह्यांले पुढच्या रविवारी पुन्हा न्या लागते."

एवढं सांगून त्या वळल्या. फडकं खांद्यावर टाकून, काठी टेकत, आपल्याशीच हसत आत गेल्या. हसताना हलणारी ती पाठ मला आजही दिसते.

त्या पावसाळ्यात काकू गेल्या. काका अजून पास झालेले नाहीत.